नावं अकारविल्हे लावा : प्रोग्रामरच्या कामाची ओळख

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्याला रोज कामावर जाणारी मुलगी ज्या घरात आहे, त्या घराला तिच्या कंपनीचं नाव ठाऊक असतं, पगार ठाऊक असतो, बसची वेळ ठाऊक असते आणि रात्री अमेरिकेतल्या क्लायंटशी कॉल असला की टीव्हीचा आवाज कमी करायचा, हेही ठाऊक असतं. पण ती दिवसभर नेमकं काय करते असं कोणी विचारलं, तर उत्तर ‘कॉम्प्युटरवर काम करते’ इथेच थांबतं. गवंड्याची भिंत दिसते, शिंप्याचा सदरा दिसतो, शिक्षिकेचा वर्ग दिसतो. प्रोग्रामरचं काम मात्र शेजारी बसून पाहिलं तरी दिसत नाही. त्यामुळे दोन समजुती पसरल्या आहेत. काहींना ते अचाट गणिती बुद्धीचं गूढ काम वाटतं, तर काहींना भराभर टायपिंग. दोन्ही समजुतींत मूळ काम हरवतं.

माणसं एकमेकांशी बोलताना पुष्कळ गोष्टी न बोलताच समजून घेतात. यंत्राला असं काही समजून घेता येत नाही. न बोललेलं ते सारं शोधून काढणं, त्याबद्दल संबंधित माणसांकडून निर्णय करून घेणं आणि तो निर्णय यंत्र पाळू शकेल इतक्या काटेकोरपणे लिहून ठेवणं, हे प्रोग्रामरचं काम आहे. कोड ही या कामाची अखेरची पायरी. हे पटण्यासाठी एक छोटं काम मुळापासून करून पाहू.

एक साधी मागणी

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचे दोन-तीन हजार सभासद आहेत. त्यांची नावं संगणकावर मराठीत टाइप केलेली आहेत. ग्रंथपाल बाई प्रोग्रामरला सांगतात, “ही नावं अकारविल्हे लावून द्या, आणि नाव टाकलं की सभासद सापडायला हवा.” मागणी एका वाक्याची. शाळेत वर्णमाला शिकलेल्या कोणालाही ती कळते. ती ऐकणाऱ्याला वाटेल, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

इथून प्रोग्रामरचं काम सुरू होतं. त्याला आधी हे पाहावं लागतं, की जे आपल्याला ‘नाव’ म्हणून दिसतं, ते संगणकाच्या पोटात कसं असतं.

अक्षरांमागचे आकडे

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक साठवायचा, अशी ही व्यवस्था आहे. भारतीय लिप्यांसाठी असे क्रमांक ठरवणारं ‘इस्की’ नावाचं प्रमाण १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारलं गेलं. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषा संगणकावर आणण्याचं मोठं काम याच काळात केलं. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात बसवणारं युनिकोडही १९९१ मध्येच आलं आणि त्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८ सालच्या आवृत्तीवर बेतलेला आहे. आज आपला मोबाइल, बँक, वर्तमानपत्राचं संकेतस्थळ हे सगळं युनिकोडवर चालतं.

या तक्त्यात ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, ‘ल’चा २३५४, ‘ह’चा २३६१. ‘ळ’चा क्रमांक २३५५, म्हणजे ‘ल’ला लागून आणि ‘व’च्या आधी. आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर. ही कोणाची चूक नाही. इस्कीने प्रमुख भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक मांडणी ठरवली होती, म्हणजे तमिळ, कन्नड, देवनागरी यांतली समान अक्षरं समान जागी यावीत. ती मांडणी युनिकोडने घेतली. मराठी शाळेतला अक्षरांचा क्रम हा त्या तक्त्याचा हेतूच नव्हता.

पण परिणाम पाहा. पायथन, जावा यांसारख्या प्रोग्रामिंग भाषांना नुसतं ‘क्रम लाव’ असं सांगितलं, तर त्या या आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावतात. मग काळे आधी येतात आणि कावळे नंतर. मराठी माणूस वर्णमालेच्या हिशेबाने कावळे आधी शोधणार आणि काळे नंतर. ‘क्ष’ला तर तक्त्यात स्वतंत्र क्रमांकच नाही, तो ‘क’, हलन्ताची खूण आणि ‘ष’ असे तीन आकडे मिळून बनतो. त्यामुळे क्षीरसागर हे नाव कोल्हटकरांच्या नंतर आणि खऱ्यांच्या आधी जाऊन बसतं. वर्णमालेच्या शेवटी ‘क्ष, ज्ञ’ म्हणायला शिकलेल्या ग्रंथपाल ते यादीच्या शेवटी शोधतात आणि त्यांना ते तिथे सापडत नाही.

प्रोग्रामर जेव्हा ‘काम वाटतं तितकं सोपं नाही’ असं म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा अशी काहीतरी गाठ त्याला लागलेली असते. बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही, कारण बाहेरच्या माणसाच्या डोक्यात अक्षरांचा क्रम इतका मुरलेला असतो, की तो सांगावा लागेल हेच सुचत नाही.

आधी प्रश्न

आता प्रोग्रामर ग्रंथपालांकडे परत जातो आणि विचारतो. क्रम आडनावाने लावायचा की पहिल्या नावाने? रजिस्टरमध्ये काही नावं ‘सुनीता रमेश पाटील’ अशी आहेत आणि काही ‘पाटील सुनीता रमेश’ अशी. त्यांतलं आडनाव कोणतं हे ओळखायचं कसं? ज्यांनी आडनाव लिहिलेलंच नाही, त्यांचं काय? ‘डॉ.’ आणि ‘ॲड.’ क्रमात धरायचं की सोडून द्यायचं? अनुस्वार कुठे धरायचा? बाराखडीत ‘कं’ हे ‘कौ’च्या नंतर येतं, युनिकोडच्या आकड्यांत मात्र अनुस्वार सगळ्या व्यंजनांच्या आधी आहे, तेव्हा कांबळे हे काकड्यांच्या आधी की नंतर? लग्नानंतर नाव बदललेल्या सभासदाला जुन्या नावाने शोधलं तर ती सापडायला हवी का? एकाच नावाच्या दोन सुनीता पाटील असतील, तर पुस्तक कोणाच्या नावावर चढवायचं? आणि कोणी ‘सुनिता’ असं ऱ्हस्व लिहिलं तर ‘सुनीता’ सापडावी का?

यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर संगणकशास्त्राच्या पुस्तकात नाही. ती उत्तरं ग्रंथपालांच्या अनुभवात आहेत, वाचनालयाच्या जुन्या रिवाजात आहेत आणि काही ठिकाणी कोणी ठरवलेलीच नाहीत. हातानं रजिस्टर लिहिताना असे प्रश्न पडत नाहीत, कारण लिहिणारा माणूस प्रत्येक वेळी प्रसंग पाहून निर्णय घेतो आणि पुढे जातो. काकडे-कांबळ्यांचा क्रम एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरा लागला, तरी वाचनालय चालतं. संगणकाला मात्र एकदाच आणि आधीच सांगावं लागतं.

म्हणून प्रोग्रामरच्या दिवसाचा बराच भाग बोलण्यात जातो. सकाळची टीमची छोटी बैठक, क्लायंटशी कॉल, एखाद्या मागणीच्या खाली लिहिलेल्या शंका आणि त्यांची उत्तरं. घरच्यांना वाटतं, ही काम सोडून मीटिंगच करते. पण मागणीतली मोकळी जागा कोड लिहिण्याआधी सापडली तर एका प्रश्नात भरून निघते; कोड लोकांच्या हातात गेल्यावर सापडली, तर बिघडलेल्या नोंदी शोधत बसावं लागतं. चांगल्या प्रोग्रामरची पहिली ओळख त्याच्या प्रश्नांवरून पटते, असं मला ठामपणे वाटतं.

मग कोड

उत्तरं मिळाली की ती लिहायची. संगणकाचा प्रोसेसर अगदी प्राथमिक आज्ञा पाळतो : हा आकडा उचल, त्यात तो मिळव, दोघांची तुलना कर, अमुक असेल तर तमुक आज्ञेकडे जा. सुरुवातीच्या काळात प्रोग्रामर अशाच आज्ञा आकड्यांत लिहीत. १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी ‘ए-०’ ही प्रणाली तयार केली आणि माणसाने लिहिलेल्या संक्षिप्त सूचनांवरून यंत्राच्या आज्ञा यंत्रानेच जुळवाव्यात, ही वाट मोकळी झाली. आजच्या प्रोग्रामिंग भाषा त्याच वाटेवर पुढे गेलेल्या आहेत. त्यांत शब्द इंग्रजी असतात, पण रचना मोजक्याच : ‘असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर’, ‘यादीतल्या प्रत्येकासाठी हे पुन्हा कर’, ‘या कामाला एक नाव दे, म्हणजे पुढे नुसतं नाव घेऊन ते करवता येईल’. आपल्या यादीतला एक तुकडा मराठीत मांडला, तर असा दिसेल :

यादीतलं प्रत्येक नाव घे.
नावाच्या सुरुवातीला ‘डॉ.’ किंवा ‘ॲड.’ असेल, तर क्रमासाठी ते वगळ.
आडनाव नोंदलेलं असेल, तर आधी आडनावाची तुलना कर. नसेल, तर पहिल्या नावाची.
आडनावं सारखी निघाली, तर पहिली नावं पाहा.
तीही सारखी निघाली, तर सभासद क्रमांक पाहा.

यात गणित नाही. नीट विचार करून केलेली आज्ञांची मांडणी आहे. काही क्षेत्रांत, उदाहरणार्थ चित्रांवरून रोग ओळखणाऱ्या किंवा अग्निबाणाचा मार्ग ठरवणाऱ्या प्रणालींत, मोठं गणित लागतं. पण बँका, दवाखाने, रेल्वे, वाचनालयं यांसाठी रात्रंदिवस लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक कोडमध्ये लागते ती अशी चिकाटीची, सुसंगत विचारसरणी.

शिवाय प्रोग्रामर सगळं स्वतः लिहीत नाही. वेगवेगळ्या भाषांमधल्या अक्षरक्रमाचे नियम युनिकोड कन्सॉर्शियमने एका भांडारात गोळा केलेले आहेत आणि ते वापरणारा तयार कोड कोणालाही मोफत घेता येतो. तो घ्यायचा, आपल्या मागणीशी ताडून पाहायचा आणि जुळत नसेल तिथे आपली भर घालायची. बदलांची नोंद ठेवायला प्रोग्रामर वापरतात ती ‘गिट’ ही प्रणाली लिनस टॉर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केली. कोणती ओळ कोणी, कधी आणि का बदलली याचा सगळा इतिहास ती सांभाळते. टीममधल्या एकाने लिहिलेला कोड दुसरा वाचून पाहतो, शंका लिहितो, बदल सुचवतो आणि मगच तो मुख्य कोडमध्ये जातो. चालू प्रणालीवर काम करणारा प्रोग्रामर लिहिण्यापेक्षा वाचतो जास्त. आणि ज्याचा कोड वाचतो, तो माणूस अनेकदा कंपनी सोडून गेलेला असतो. त्यामुळे पुढच्या माणसाला कळेल असं लिहिणं, हा या व्यवसायातला सभ्यपणा मानला जातो.

समोर दिसतं, पण सापडत नाही

यादी तयार झाली. महिन्याभराने ग्रंथपालांचा फोन येतो : “वऱ्हाडपांडे समोर यादीत दिसताहेत, पण नाव टाकून शोधलं तर सभासद नाही म्हणतंय.”

इथे लागतं ते शोधक डोकं. प्रोग्रामर आधी चूक आपल्यासमोर पुन्हा घडवून आणतो, कारण जी घडवता येत नाही, ती दुरुस्त झाली की नाही हेही कळत नाही. मग शक्यतांची कक्षा अर्ध्या-अर्ध्याने कमी करत जातो. सगळीच आडनावं सापडत नाहीत का? नाही, बाकीची सापडतात. फक्त ‘ऱ्ह’ असलेली? ‘ऱ्य’ असलेलीही काही सापडत नाहीत. मग तो नावातल्या प्रत्येक अक्षरामागचा आकडा छापून पाहतो, आणि उलगडा होतो.

मराठीतला हा खास रफार संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा स्वतःचा क्रमांक २३५३ आणि त्यापुढे हलन्ताची खूण. दोन, साधा ‘र’, मग नुक्ता, मग हलन्ताची खूण. तीन, साधा ‘र’, हलन्ताची खूण आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, क्रमांक ८२०५. पडद्यावर तिन्ही ‘वऱ्हाडपांडे’ हुबेहूब सारखे. आकडे मात्र तीन तऱ्हांचे, म्हणून यंत्राच्या लेखी तीन वेगळी नावं. जुन्या संगणकावर टाइप करणाऱ्याने एक तऱ्हा वापरली, मोबाइलच्या कळफलकाने दुसरी. ‘ॲ’चंही तसंच. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत आणि आजही अनेक जण तसंच करतात. दोन्ही रूपं एकसारखी दिसतात, पण शोधताना जुळत नाहीत.

आणि वाचनालयाची मूळ यादी युनिकोडच्या आधीची असेल, तर आणखी एक थर चढतो. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं मराठी छपाईची कामं झाली. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट काढून घेतला की खाली अर्थहीन रोमन चिन्हांची रांग उरे. बहुतेक अशा फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर साठवतात. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक वेलांटी उचलून योग्य अक्षराच्या पुढे नेऊन ठेवावी लागते, आणि मध्ये जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या पुढे.

यावरचा उपाय छोटा आहे. नाव साठवताना आणि शोधताना सगळी रूपं आधी एकाच ठरलेल्या रूपात आणायची. कदाचित दहा-वीस ओळींचा बदल. दिवसभराच्या कामाचा हिशेब द्यायचा झाला, तर प्रोग्रामरच्या नावावर तेवढ्याच ओळी दिसतील. किती लिहिलं यावरून हे काम मोजता येत नाही, ते यामुळे. श्रम गेले ते नेमक्या कोणत्या ओळी लिहायच्या हे शोधण्यात.

गृहीत धरलेलं जेव्हा महागात पडतं

वाचनालयात चूक झाली तर एका सभासदाचं पुस्तक अडकतं. याच जातीची चूक इतरत्र काय करते, याचं सगळ्यांत नीट नोंदलेलं उदाहरण युरोपच्या एरियन-५ या अग्निबाणाचं आहे.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५चं पहिलं उड्डाण झालं. मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी त्याची दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली आणि थोड्याच वेळात अग्निबाण मार्ग सोडून वळला, तुटू लागला आणि स्वतःला नष्ट करण्याची त्याची योजना अमलात आली. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करण्यासाठी बनवलेले ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह त्यात गेले. गणितज्ञ जॅक-लुई लिआँस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कारण सांगितलं.

दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन-४ मधून जसंच्या तसं घेतलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या १६ बिटांच्या छोट्या जागेत बसवली जात होती. त्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. एरियन-४ च्या उड्डाणात ती संख्या कधीच एवढी मोठी होणार नाही, हे हिशेब करून ठरवलं होतं आणि ते बरोबरही होतं. संगणकावर भार वाढू नये म्हणून धोका असलेल्या सात संख्यांपैकी चारांनाच संरक्षण दिलं गेलं. तीन विचारपूर्वक उघड्या ठेवल्या गेल्या. एरियन-५ सुरुवातीलाच जास्त आडवा वेग घेतो. संख्या जागेत मावली नाही, यंत्रणा थांबली. पर्यायी यंत्रणाही होती, पण तिच्यात तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे ती त्याच कारणाने क्षणभर आधीच थांबलेली होती. थांबलेल्या यंत्रणेने पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि अग्निबाणाला वळवलं. हिशेबाचा तो भाग एरियन-५ ला उड्डाणानंतर लागतही नव्हता. एरियन-४ च्या गरजेपुरता ठेवलेला तो तसाच चालू राहिला होता.

यात कोणी हलगर्जीपणाने ओळ चुकवली असं नाही. एका परिस्थितीत खरं असलेलं गृहीतक दुसऱ्या परिस्थितीत तपासलं गेलं नाही. म्हणून प्रोग्रामर चाचण्या लिहितात : कोड बरोबर चालतो का हे तपासणारा आणखी कोड. नाव रिकामं आलं तर? नाव दोनशे अक्षरांचं आलं तर? जन्मतारीख २९ फेब्रुवारी असेल तर? एका वेळी दोन जणांनी तेच शेवटचं पुस्तक मागितलं तर? टेस्टिंग हे याच कामाचं वेगळं कौशल्य आहे आणि ते करणारी माणसं ‘असं कधी होत नाही’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबून पाहतात.

उत्तर आलं नाही, म्हणजे काय झालं?

यादी एका संगणकावर असते. आजची बरीच कामं मात्र अनेक संगणक मिळून करतात, आणि तिथे गृहीतकांचा नवा प्रकार समोर येतो. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते २१ बँकांसह यूपीआयचा प्रायोगिक आरंभ झाला. आज भाजीवालीच्या गाडीवरही तो चौकोनी कोड चिकटवलेला असतो. आपण २०० रुपये पाठवतो तेव्हा आपलं ॲप, आपली बँक, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची मधली यंत्रणा आणि भाजीवालीची बँक यांच्यात निरोपांची देवघेव होते. मध्येच एक निरोप हरवला, तर आपल्या ॲपला फक्त एवढंच कळतं, की उत्तर आलेलं नाही. पैसे गेले नाहीत, की पैसे गेले पण ‘गेले’ हा निरोप परत आला नाही, हे उत्तर न आल्यावरून ठरवता येत नाही.

आंधळेपणाने पुन्हा पाठवलं तर २०० चे ४०० जातील. थांबलं तर भाजीवालीला पैसे न मिळण्याची शक्यता. म्हणून प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला, तर हा नवा व्यवहार नाही, जुन्याचीच चौकशी आहे, असं समोरच्या यंत्रणेने ओळखावं, अशी रचना करतात. ‘तुमचा व्यवहार प्रलंबित आहे’ ही ओळ आपल्याला त्रासदायक वाटते. पण माहीत नसताना ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं न सांगणं, हा तिथे कोणा प्रोग्रामरने घेतलेला प्रामाणिक निर्णय असतो. अशा प्रणाली रात्रीही चालत असल्याने कोणीतरी आळीपाळीने रात्रीही फोनजवळ असतं. घरातली मुलगी मध्यरात्री लॅपटॉप उघडून बसते, तेव्हा अनेकदा तिची ती पाळी असते.

किती दिवस लागतील?

हा प्रश्न प्रोग्रामरला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर देताना तो अडखळतो. भिंत बांधताना विटा मोजता येतात, कारण अशी भिंत पूर्वी बांधलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये जे पूर्वी केलेलं असतं, ते पुन्हा करावं लागत नाही. त्याची नक्कल क्षणात होते. उरतं ते नवं, आणि नव्यात वऱ्हाडपांडे कुठे दडले आहेत हे आधी कळत नाही.

मग माणसं वाढवली तर? आयबीएमच्या ‘ओएस/३६०’ या प्रचंड प्रकल्पाचं नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात सांगितलं, की उशीर झालेल्या प्रकल्पावर माणसं वाढवली, तर तो आणखी लांबतो. नव्या माणसाला सगळं समजावून द्यायला जुन्या माणसाचा वेळ जातो. शिवाय तिघांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात, दहा जणांत पंचेचाळीस. न बोललेलं शोधून काढणं हेच मूळ काम असल्याने प्रत्येक जोडीत काहीतरी न बोललेलं राहण्याची शक्यता वाढते.

यंत्रच कोड लिहू लागल्यावर

२०२१ मध्ये गिटहब कोपायलट आला, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी, आणि साध्या भाषेत मागणी केली की कोड लिहून देणारी साधनं प्रोग्रामरच्या हाती आली. त्यांनी कामाची पद्धत खरोखर बदलली आहे. ज्या तुकड्यांना पूर्वी तास लागत, ते आता मिनिटांत मिळतात. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना याची धास्ती वाटणं साहजिक आहे.

पण आपली यादी पुन्हा आठवा. ‘नावं अकारविल्हे लाव’ एवढंच सांगून मिळालेला कोड चालेल, यादी नीटनेटकी दिसेल आणि काळे कावळ्यांच्या आधी बसण्याची शक्यता राहील. ते चूक आहे की बरोबर हे ठरवायला ग्रंथपालांना काय हवं आहे, हे माहीत असावं लागतं. ते विचारणारं, मिळालेला कोड वाचून पाहणारं आणि चुकलं तर जबाबदारी घेणारं माणूस लागतंच. माझं मत असं आहे, की ज्याला फक्त कोड उमटवता येतो, त्याचं काम कठीण होईल. ज्याला माणसांचं काम समजून घेता येतं, त्याची गरज वाढेल. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी भाषा, हिशेब, कायदा, शेती, दवाखाना यांपैकी कशात तरी मनापासून रस घ्यावा, ते म्हणूनच.

समोर प्रोग्रामर बसला की

हे काम क्षेत्राबाहेरच्यांनी समजून घ्यावं, यामागे घरातल्या मुलीच्या नोकरीबद्दलचं कुतूहल एवढंच कारण नाही. ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, शाळेत, सहकारी पतसंस्थेत, बाजार समितीत कधी ना कधी नवं सॉफ्टवेअर येतं आणि त्याआधी कोणीतरी प्रोग्रामर येऊन विचारतो, “तुमचं काम कसं चालतं?” त्या वेळी मिळालेल्या उत्तरांवर पुढची कित्येक वर्षं आपल्याला काम करावं लागणार असतं. बहुतेक जण त्याला नियम सांगतात, कारण नियम पाठ असतात. त्याला खरी गरज असते ती अपवादांची.

म्हणून त्याला जुनं रजिस्टर दाखवा, खाडाखोड केलेली पानं दाखवा. समासात लाल शाईने लिहिलेले शेरे दाखवा. नियमात न बसलेला माणूस आला तेव्हा तुम्ही काय केलंत ते सांगा : सातबाऱ्यावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरं असलेला शेतकरी, वडिलांचं नाव न लावणारी मुलगी, एकाच दिवशी दोनदा भरती झालेला रुग्ण. तुम्हाला क्षुल्लक वाटणारी माहिती त्याच्यासाठी सर्वांत मोलाची असू शकते. त्याचे प्रश्न बाळबोध वाटले, तरी उत्तरं द्या. आणि त्याने काहीच न विचारता ‘समजलं’ म्हटलं, तर त्याला थांबवून तुम्हीच विचारा, की अमुक झालं तर तुमचं सॉफ्टवेअर काय करेल. कोड तो लिहील, पण त्यात काय लिहायचं याचं निम्मं ज्ञान तुमच्याकडे आहे, आणि ते तुम्ही दिल्याशिवाय त्याला मिळणार नाही.